नवं घर घ्यायचे फायदे खरे, पण ते भिंतीत नाहीत, नोंदीत आहेत

आपल्या साइटवर मोबाइल, ॲप आणि सरकारी पोर्टलबद्दल नेहमी लिहितो. आज विषय घराचा आहे, पण शेवटी गाडी पोर्टलवरच येणार आहे.

मी पावणे एमआयडीसीत नोकरी करतो. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा हा पट्टा कारखाने, गोदामं आणि मधोमध जुनं गाव असा आहे. इथले बरेच कामगार कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे भागात भाड्याने राहतात. विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली, आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "नवीन वन बीएचके, स्टेशनपासून पाच मिनिटं" असे मेसेज रोज येऊ लागले.

अशाच एका मेसेजवरून मी मागे एका नव्या इमारतीत फ्लॅट बघितला. चार मजले, लिफ्ट, चकचकीत टाइल्स, किंमत बाजारभावापेक्षा बरीच कमी. टोकन म्हणून ५१ हजार दिलेही. मग महारेरा नंबर मागितला, तर उत्तर आलं, "प्लॉट लहान आहे, नंबर लागत नाही." बांधकाम परवानगी मागितली, तर मोबाइलवर एक फोटो दाखवला. घरी येऊन तो फोटो मोठा करून पाहिला, तर त्यावर प्लॉट नंबर दुसराच होता. टोकन परत मिळायला चार महिने लागले, तेही पूर्ण नाही.

त्यानंतर मी एक प्रश्न नीट समजून घेतला: नवं घर घेण्याचे फायदे जे सांगतात, ते नक्की येतात कुठून?

नव्या घराचे खरे फायदे

१. पाच वर्षांची जबाबदारी. रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, एकही रुपया न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. जुनं घर विकत घेताना मागच्या मालकाकडून असं काही मिळत नाही. गळती निघाली की खर्च तुमचा.

२. कार्पेटचा हिशोब. पूर्वी 'सुपर बिल्टअप'च्या नावाखाली जिना आणि लॉबीही विकली जायची. आता घराच्या आत वापरता येणारी जागा आणि आतल्या भिंती एवढंच कार्पेट धरतात. बाहेरची भिंत, डक्ट, बाल्कनी त्यात येत नाही. हा आकडा करारात लिहावाच लागतो.

३. पैशावर पहारा. करार नोंदवण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून जमीन आणि बांधकामासाठीच वापरायचे असतात. १ जुलै २०२४ पासून तर महारेराने प्रत्येक प्रकल्पाला एकाच बँकेत तीन स्वतंत्र खाती सक्तीची केली आहेत.

४. कागदपत्रांची साखळी छोटी. नवी मुंबईत बहुतेक जमीन सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेली आहे. जुनं घर चार हात बदललेलं असेल, तर प्रत्येक वेळचा करार, सिडकोचं हस्तांतर, सोसायटीचं ना-हरकत पत्र सगळं जुळवावं लागतं. मधला एक कागद नसला की बँक फाइल बाजूला ठेवते. नव्या घराचे पहिले मालक तुम्हीच असता.

५. दुरुस्तीची चिंता उशिरा. ३० वर्षं झालेल्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. वाशीतल्या जुन्या सिडको इमारतींत प्लास्टर पडण्याचा त्रास लोकांनी वर्षानुवर्षं काढलाय.

आता खर्चाची बाजूही सांगतो. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी लागतो. ४५ लाखांपर्यंतचं आणि मुंबई महानगरात ६० चौरस मीटरच्या आतलं परवडणारं घर असेल, तर १ टक्का. म्हणजे ६० लाखांच्या घरावर सरळ ३ लाख. मात्र भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजेच ओसी मिळाल्यानंतर घेतलेल्या घरावर जीएसटी नाही, आणि जुन्या घरावरही नाही. त्यामुळे 'नवं पण तयार' घर बऱ्याचदा हिशोबात बसतं.

मग गडबड कुठे होते?

वरचे पाच मुद्दे परत वाचा. पाचवा सोडला तर एकही फायदा सिमेंट-टाइल्सचा नाही. सगळे कायदेशीर नोंदीचे आहेत. नोंद नसेल तर ते फायदेही नाहीत. आणि नोंद नाही म्हणजे आराखडा कुणी तपासलेला नाही, त्यामुळे पाचव्याचीही खात्री नाही.

आमच्याच पट्ट्यात बघा. दिघ्यात एमआयडीसी आणि सिडकोच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या ९९ बेकायदा इमारतींचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, आणि २०१५-१६ मध्ये राहत्या घरांवर हातोडा पडला. तिथल्या लोकांनीही 'नवं घर' म्हणूनच पैसे भरले होते.

बेलापूरच्या शहाबाज गावात २७ जुलै २०२४ च्या पहाटे चार मजली इमारत कोसळली. बहुतेक रहिवासी वेळेत बाहेर पडले, पण तिघांचा जीव गेला. ती इमारत जुनाट नव्हती, वय जेमतेम दहा वर्षं सांगितलं गेलं.

तिसरं उदाहरण सगळ्यात सावध करणारं आहे. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून चक्क महारेरा नंबर मिळवले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले. म्हणजे नंबर खरा, पण त्यामागचा कागद खोटा. हे प्रकरण उघड झाल्यावर महारेराने परवानगीपत्र थेट नियोजन प्राधिकरणाकडून पडताळून घ्यायला सुरुवात केली. त्यामुळे आजच्या नोंदणीवर तुलनेने जास्त विश्वास ठेवता येतो, पण डोळे मिटून नाही.

"नंबर लागत नाही" हे खरं की खोटं?

अर्धं खरं. प्लॉट ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा घरं आठपर्यंत असतील, तर रेरा नोंदणीतून सूट आहे. गावठाणातल्या बऱ्याच इमारती या सुटीत बसतात. पण सूट नोंदणीची आहे, बांधकाम परवानगीची नाही! महापालिकेचं बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजेच सीसी, आणि शेवटी ओसी लागतेच. आणि एमआयडीसीच्या जागेवर असेल, तर तिथे परवानगी देणारी संस्था एमआयडीसी आहे, महापालिका नाही. पावण्यासारख्या ठिकाणी रस्त्याच्या अलीकडे एक प्राधिकरण आणि पलीकडे दुसरं असू शकतं, म्हणून आधी जमीन कुणाची ते विचारा.

मोबाइलवर अर्ध्या तासात काय तपासाल?

१. क्यूआर कोड: १ ऑगस्ट २०२३ पासून नोंदणी झालेल्या प्रकल्पाच्या प्रत्येक जाहिरातीवर तो सक्तीचा आहे. स्कॅन केल्यावर उघडणारा पत्ता 'गव्ह डॉट इन'चा आहे का ते बघा. दुसरंच पान उघडलं तर तिथेच थांबा.

२. महारेराचं प्रकल्प पान: ताब्याची तारीख, मंजूर मजले, किती घरं विकली, जमिनीवर कर्ज किंवा कोर्टकेस आहे का, हे सगळं तिथे असतं. तिमाही प्रगतीची माहिती भरलेली नसेल तर ती धोक्याची खूण समजा.

३. मजले मोजा: सीसी किती मजल्यांची आहे आणि तुमचा फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे? वरचा मजला परवानगीच्या बाहेर असू शकतो.

४. ई-सर्च: नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर गाव आणि सर्व्हे किंवा प्लॉट नंबर टाकून इंडेक्स टू मोफत बघता येतो. तोच फ्लॅट आधी कुणाला विकलाय का, हे तिथे कळतं.

५. मूळ कागद: फोटोवर विश्वास नको. सीसीची प्रत घ्या, त्यावरचा प्लॉट नंबर जुळवा आणि ती देणाऱ्या कार्यालयात जाऊन विचारा. मी हे टोकन देण्याआधी केलं असतं तर चार महिने वाचले असते.

६. बँक: राष्ट्रीयीकृत बँकेचा वकील कागद तपासतोच. "बँक लोन होत नाही, आपल्या ओळखीच्या फायनान्सकडून करून देतो" असं कुणी म्हणालं, तर त्या वाक्यातच तुमचं उत्तर आहे.

माझं मत

कागद पक्के असतील तर नवं घर जुन्यापेक्षा नक्कीच सोयीचं, थोडं महाग पडलं तरी. कागद कच्चे असतील, तर त्या नव्या घरापेक्षा ओसी असलेलं, वीस वर्षं जुनं घर कधीही बरं.

मी अजून भाड्यानेच राहतो आणि शोध चालू आहे. आता फक्त क्रम बदललाय. आधी प्रकल्पाचं पान बघतो, मग सॅम्पल फ्लॅट. तुमच्या ग्रुपवर पुढचा "पाच मिनिटं" वाला मेसेज आला, की त्याच्याखाली सीसीची प्रत मागून बघा. निम्मे मेसेज तिथेच गप्प होतात, हा माझा अनुभव.