आधी बेत, मग बाजार

महिन्याचा किराणा भरलेला असतो, आठवड्याची भाजी आणलेली असते, तरी रोज संध्याकाळी ‘आज काय करायचं?’ हा प्रश्न उभा राहतोच. घरखर्चातले बरेच पैसे याच प्रश्नापाशी गळतात. मटकी भिजवायची राहिलेली असते, पालक पिवळा पडलेला असतो, अंगात त्राण नसतं. मग मोबाइलवरून काहीतरी मागवलं जातं आणि पालकाची जुडी दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जाते. एका जेवणाचे पैसे दोनदा गेले. म्हणून कळकळीची विनंती आहे: आठवड्याचा बेत आधी ठरवा आणि मगच बाजारात जा.

केंद्र सरकारच्या 2023-24च्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीत ग्रामीण भागात दरमहा खर्चातले सुमारे 47 टक्के आणि शहरात सुमारे 40 टक्के खाण्यापिण्यावर जातात, असं दिसलं. त्यातही सर्वांत मोठा वाटा पेयांचा आणि तयार, प्रक्रिया केलेल्या पदार्थांचा आहे. भाजीवालीशी कोथिंबिरीच्या जुडीवरून दोन रुपयांची घासाघीस करून हा खर्च आटोक्यात येणार नाही. तो येईल घरातलं जेवण वेळेवर तयार असेल तरच.

सुरुवात डब्यांपासून करा. कोणती डाळ किती उरली आहे, रवा-पोह्यांचं काय, फ्रिजच्या तळाशी काय पडलंय, हे पाहा. मग कॅलेंडर पाहा. चतुर्थी, एकादशी कधी आहे, उपवास कोणाचा, पाहुणे कधी येणार, कोण कुठल्या दिवशी बाहेर जेवणार? दुधाचा खाडा लिहिता त्याच कॅलेंडरवर प्रत्येक दिवसाचा बेत लिहा. यादी त्यावरून करा आणि जे घरात आहे ते यादीतून काढा.

बेताचा क्रम भाजीच्या टिकण्यावर ठरवा. रविवारी मंडई केली, तर सोमवार-मंगळवारी मेथी, शेपू, पालक संपवा. बुधवारी गवार, भेंडी किंवा वांगी. दुधी, कोबी किंवा भोपळा गुरुवारी. शुक्रवारी उसळ आणि शनिवारी, भाजी संपलेली असताना, पिठलं किंवा डाळ-भात. शुक्रवारी मटकीची उसळ हवी असेल, तर बुधवारी रात्री ती भिजत घालायला हवी आणि गुरुवारी सकाळी फडक्यात बांधायला हवी. हे कॅलेंडरवर लिहिलेलं असलं की घरातला कोणीही ते करू शकतो.

मात्र बेतात भाजीचं नाव पक्कं करू नका. ‘एक पालेभाजी, दोन फळभाज्या’ एवढंच लिहा आणि मंडईत जे स्वस्त, ताजं असेल ते घ्या. जुलै 2023मध्ये टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला होता. अशा वेळी आमटीला चिंच किंवा आमसूल चालतं. पालेभाजी निवडून, न धुता, कोरड्या कागदात गुंडाळून ठेवा. कांदे आणि बटाटे एकाच टोपलीत ठेवू नका, दोन्ही लवकर खराब होतात. एप्रिल-मेमधला उन्हाळी कांदा काही महिने टिकतो, तो हवेशीर जागी साठवा. खरिपाचा लाल कांदा मात्र लागेल तेवढाच आणा.

दुकानात पाकिटावरची एमआरपी पाहून थांबू नका. ग्रॅमला किंवा किलोला किती पडतं, हेही पाकिटावर छापलेलं असतं. मोठं पाकीट दर वेळी स्वस्त पडतंच असं नाही. ‘एकावर एक मोफत’ असलेली वस्तू यादीत नसेल, तर ती घेऊन बचत होत नाही. मोबाइलवर मागवताना डिलिव्हरीचे पैसे वाचावेत म्हणून आणखी दोन वस्तू टाकण्याचा मोहही तसाच.

उरलेल्या अन्नालाही बेतात जागा द्या. वरण उरलं की वरणफळं, पोळ्या उरल्या की फोडणीची पोळी. दोडक्याच्या शिरांची चटणी करा, कोथिंबिरीची देठं वाटणात घाला. भात गार झाला की लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्याच दिवशी संपवा.

ज्यांचं घर रोजच्या मजुरीवर चालतं, त्यांना आठवड्याचं सामान एकदम आणता येत नाही. त्यांनी दोन दिवसांचा बेत करावा आणि रेशनचं धान्य त्यात आधी धरावं. अन्नसुरक्षा योजनेत प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य मोफत मिळतं. तो तुमचा हक्क आहे, पूर्ण वजन आणि पावती मागून घ्या. वर्षाचं धान्य भरायचं असेल, तर शेजारची दोन-तीन घरं मिळून पोतं घ्या. त्यासाठी कर्ज मात्र काढू नका.

शेवटचं सांगणं सर्वांत महत्त्वाचं. बचत कोणाच्याही ताटातून करायची नाही. मुलांचं दूध, म्हाताऱ्यांची फळं, डाळ, अंडी यांना हात लावू नका. आणि शिळं ते सगळं घरातल्या बाईनं एकटीनं संपवायचं, ही रीत बंद करा. बेत ठरवायचं ओझंही तिच्या एकटीच्या डोक्यावर नको. या रविवारी मंडईला निघण्याआधी सगळ्यांनी पंधरा मिनिटं एकत्र बसा. बेत मुलांच्या अक्षरात लिहा, मटकी भिजवायची जबाबदारी नवऱ्यानं घ्यावी, यादी आजोबांनी तपासावी. महिनाअखेर जे वाचेल, त्यातले काही पैसे पुढच्या महिन्याच्या दूध-फळांसाठी बाजूला काढा.