पणज्याची सही कुठे सापडेल

जातपडताळणीचं काम निघालं की गोंदिया जिल्ह्यातल्या कामठ्याकडचा माणूस कोतवाल बुकाच्या, म्हणजे जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीच्या, नकलेसाठी तहसिलात चकरा मारतो. नक्कल मिळाली की फाईलला लावतो आणि मोकळा होतो. माझं सांगणं एवढंच, की त्याच फेरीत मूळ पानही बघून घ्या. आणि पणज्याची सही हवी असेल तर ती या पानावर शोधू नका.

इथे ती मिळायची नाही. मध्य प्रांताच्या काळात गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची खबर पोलीस ठाण्यात द्यायचा आणि नोंद लिहायचा ठाण्यातला मोहरीर, म्हणजे कारकून. म्हणून दहा घरच्या नोंदी एकाच वळणात दिसतात. बाळाचं नावही बहुधा नसतं. बापाचं नाव, जात आणि पुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी'. तरी मूळ पान बघाच. नकलेत तुमची एकच ओळ येते, पानावर शेजारपाजारही असतो. 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीतली पानं वाचली तर आपल्या घराबरोबर अख्ख्या मोहल्ल्याचं काय झालं, ते कळतं.

मृत्यूच्या नोंदीत घरच्या माणसाचं अक्षर शोधायचं तर अलीकडे या. जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969 चा कायदा आपल्याकडे 1 एप्रिल 1970 पासून लागू झाला. तोंडी खबर देणाऱ्याने रजिस्टरमध्ये आपलं नाव-पत्ता लिहावा, लिहिता येत नसेल तर अंगठा उठवावा, असं त्यात आहे. आजा वारला तेव्हा काकाने खबर दिली असेल तर त्याचं अक्षर तिथे असू शकतं. दाखल्यावर ते उतरत नाही. म्हणून अर्जात दाखल्याबरोबर 'मूळ नोंदवहीचे अवलोकन' असंही लिहा.

लग्नाचं जरा अवघड आहे. जुन्या काळी गावातली हिंदू लग्नं सरकारदरबारी क्वचितच नोंदली जात, त्यामुळे 1998 च्या विवाह नोंदणी कायद्याआधीचं रजिस्टर मिळेल अशी फार आशा धरू नका. घरात जुना निकाहनामा, बौद्ध विवाहाचं प्रमाणपत्र किंवा चर्चच्या नोंदीचा उतारा असेल तर मात्र नशीबवान आहात. वधूवरांच्या आणि साक्षीदारांच्या सह्यांचा माग तिथून लागतो.

खरा खजिना शेतीच्या कागदांत. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. दुय्यम निबंधकाच्या पुस्तकात जुन्या दस्ताची हाताने केलेली नक्कल असते, मूळ दस्त पक्षकाराला परत दिलेला असतो. त्या पुस्तकातली 'सही' ही नक्कल करणाऱ्या कारकुनाच्या अक्षरात असते. पणज्याची सही आहे ती घरच्या पेटीत, नाहीतर ज्याला शेत विकलं त्याच्या नातवाकडे. दस्त करून देणाऱ्यांचे अंगठे मात्र नोंदणी कार्यालयात वेगळ्या रजिस्टरमध्ये घेतले जात, तेही विचारा.

मूळ कागद हाती आला की शेवट आधी वाचा. नावापुढे 'द. खुद्द' असेल तर माणूस स्वतः लिहिणारा. 'निशाणी अंगठा' असून खाली 'दस्तूर अमुक' असेल तर नाव दुसऱ्याने लिहिलं आणि अंगठा तेवढा आपल्या माणसाचा. जुन्या मराठी कागदांत कुणब्याच्या नावाशी नांगर, बाईच्या नावाशी बांगडी काढलेली सापडते. या निशाणीला सहीइतकाच मान होता. पोरांनी ती पाहून हसू नये, आणि मोठ्यांनी 'आपले लोक अडाणी होते' म्हणून कागद लपवू नये. साक्षीदारांची नावंही उतरवून घ्या. त्यांत बहुतेक वेळा सोयरेच निघतात.

अस्थी घेऊन घरातलं कुणी प्रयागला, गयेला, त्र्यंबकेश्वरला गेलं असेल तर तिथल्या तीर्थपुरोहिताच्या वहीत नाव असण्याचा मोठा संभव. यजमानाला लिहिता येत असेल तर त्याच्याच हाताने लिहून घेण्याची तिथे चाल आहे. जाताना गाव कामठा सांगाच, पण जिल्हा भंडारा म्हणा. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 ला झाला, जुन्या वह्यांना तो माहीत नाही. सरकारी दप्तराचंही तेच: गोंदियात नाही म्हणाले तर भंडाऱ्याला विचारा, आणि त्याहून जुन्या कागदांसाठी नागपूरच्या पुराभिलेखागारात.

घरी कागद सापडलाच तर उजेडात सरळ ठेवून दोन्ही बाजूंचा फोटो काढा. पुसट अक्षरावर बॉलपेन फिरवू नका, चिकटपट्टी लावू नका आणि दुकानदार कितीही म्हणो, लॅमिनेशन करू नका. एकदा चिकटलेलं प्लास्टिक कागद फाडल्याशिवाय निघत नाही.