सुईआधी व्यायामाचे बारा आठवडे

मेजर ध्यानचंदांच्या झाशीत खेळाची महती कुणी सांगायला नको. पण खेळापायी दुखणे लपवणे ही काही मर्दुमकी नव्हे. संघातून नाव कटेल या धास्तीने छात्र जांघेतली कळ दाबून धावत राहतो. मांडीच्या आतल्या स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, म्हणजे कंडरा, ताणाने झिजते आणि दुखणे महिनोन् महिने हटत नाही. मग स्पर्धा तोंडावर आली की बडा बाजारातल्या घरांतही प्रश्न निघतो : एखादे इंजेक्शन नाही का?

इंजेक्शने आहेत. पीआरपीमध्ये आपलेच रक्त यंत्रात फिरवून त्यातला प्लेटलेटयुक्त भाग दुखऱ्या जागी टोचतात. दुसऱ्या प्रकारात साखरेचे, म्हणजे डेक्स्ट्रोजचे, द्रावण देतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा २४ खेळाडूंपैकी २० जणांचे दुखणे गेले. आकडा मोहक आहे, पण तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. म्हणून हे उपचार अजून प्रयोगाच्याच पायरीवर आहेत. स्टेरॉइडने कळ थांबते, पण कंडरा दुबळी होऊ शकते. शिवाय २०२२ पासून स्पर्धाकाळात स्टेरॉइडच्या इंजेक्शनांना उत्तेजकविरोधी नियमांनी बंदी आहे.

व्यायामाची बाजू अधिक भक्कम आहे. डेन्मार्कमध्ये जुनाट जांघदुखीच्या ६८ खेळाडूंचे दोन गट केले. १९९९ मध्ये निष्कर्ष आले : आठ ते बारा आठवडे बळकटीचे व्यायाम करणारे २३ जण वेदनेविना पूर्वीच्या पातळीवर खेळू लागले, मालीश, ताण व यंत्रांचे उपचार घेणारे फक्त चार.

पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमधले स्टेडियम ज्यांच्या नावाने आहे, त्या नीरज चोप्रांनी जुलै २०२२ मध्ये जागतिक रौप्य जिंकले, पण जांघ दुखावल्याने बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा सोडली. महिनाभर विश्रांती घेऊन ऑगस्टअखेर लोझानला ८९.०८ मीटर भाला फेकून ते पहिले आले. जांघेने पुढेही त्यांना छळले. पण थांबल्याने त्यांचे शौर्य उणे झाले नाही.

छात्रांनो, दुखणे दोन आठवडे टिकले तर एम.आय. रूम गाठा. उस्तादांनी त्या छात्राला कामचुकार म्हणू नये. पालकहो, सुईला संमती देण्याआधी डॉक्टरांना विचारा : सिरिंजमध्ये काय आहे, पुरावा किती आहे, आणि व्यायामाचे बारा आठवडे पूर्ण झाले का?