नमुना एक, माल दुसरा

नमुना एक दाखवायचा आणि माल दुसराच गळ्यात मारायचा, ही व्यापाऱ्याची जुनी चलाखी. व्हिडिओ गेमच्या धंद्यात तिला जागतिक प्रतिष्ठा लाभली आहे. 2012 साली लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात यूबीसॉफ्ट कंपनीने ‘वॉच डॉग्ज’ या आगामी खेळातील दृश्ये दाखविली आणि पाहणारे थक्क झाले. मे 2014 मध्ये खेळ हाती आला, तेव्हा ते वैभव बरेचसे ओसरलेले होते. पुढच्याच महिन्यात काही जाणकारांना संगणकावरील आवृत्तीच्या फाइलींत जुने दृश्यपरिणाम बंद करून ठेवलेले आढळले. खेळ सुरळीत चालावा म्हणून ते बंद केले, असा खुलासा कंपनीने केला.

या खुलाशात तथ्य नाही असे नव्हे. एखादी गल्ली बलाढ्य संगणकावर सजवून दाखविणे सोपे; संपूर्ण शहर घरातील मर्यादित शक्तीच्या यंत्रावर त्याच थाटात चालविणे अवघड. काटछाट हा कारागिरीचाच भाग होय. आक्षेप आहे तो ती झाकून ठेवून आगाऊ पैसे उकळण्याला. 2013 मध्ये ‘एलियन्स: कलोनियल मरीन्स’विषयी ब्रिटनच्या जाहिरात नियामकाकडे तक्रार गेली, तेव्हा जाहिरातीतील चित्रण अंतिम खेळाशी जुळत नसल्याचे सेगा कंपनीला मान्य करावे लागले.

या व्यवहारात फसतो तो केवळ ग्राहक नव्हे. विक्रीविभागाने दिलेले वचन अखेर कामगाराच्या पाठीवर लादले जाते. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने सक्तीचे जादा काम टाळण्याची ग्वाही 2019 साली दिली होती. 2020 च्या अखेरीस ‘सायबरपंक 2077’साठी तिने सहा दिवसांचा आठवडा लागू केला. जादा कामाचा मोबदला मिळाला. हिरावलेली विश्रांती कोण परत देणार? आगाऊ मागण्या 80 लाखांवर गेल्या. डिसेंबरमध्ये आलेला खेळ जुन्या कन्सोलवर इतका सदोष निघाला की, सोनीने आठवडाभरातच तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून घेतला. ग्राहकांना परतावा देऊ केला गेला. अमेरिकेत दावा लावणाऱ्या भागधारकांशी 18 लाख 50 हजार डॉलरची तडजोड झाली. राबणाऱ्याच्या रात्रींचा हिशेब मात्र कोणत्याच खतावणीत नाही.

यावर उपाय नाहीत काय? जे यंत्र ग्राहकाच्या घरी आहे, त्याच यंत्रावरील चित्रण जाहिरातीत दाखविण्याची सक्ती करता येईल. विक्रीयोग्य प्रत तयार होण्यापूर्वी पैसे घेण्यास मनाई करता येईल. भारतात 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर दंडाची तरतूद केली आहे. ती या मालालाही लागू करण्याचा आग्रह ग्राहक चळवळीने धरला पाहिजे.

परंतु कायदा कागदावरच राहू नये यासाठी संघटित शक्ती लागते. 2023 मध्ये नोकरकपातीचा घाव बसल्यावर पोलंडमधील गेम कामगारांनी आपली युनियन उभारली. ग्राहकाचा रास्त माल आणि कामगाराचे रास्त तास या दोन वेगळ्या मागण्या नव्हेत. त्या एकत्र मांडल्या गेल्या, तरच नमुना आणि माल यांतील अंतर मिटू लागेल.