आधी बंदिशाळा, मग विद्यापीठ

सरकारला खरोखर कशाचे मोल वाटते हे पाहावयाचे असेल तर पुढाऱ्यांची भाषणे ऐकण्यापेक्षा अंदाजपत्रक चाळावे, असे आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना वाटते. क्वचित मात्र भाषणातच अंदाजपत्रक सापडते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर आर्नोल्ड श्वार्झनेगर (होय, तेच, सिनेमातले!) यांनी जानेवारी २०१० मध्ये विधिमंडळासमोर एक हिशेब मांडला. तीस वर्षांपूर्वी राज्याच्या सर्वसाधारण निधीतून १० टक्के रक्कम उच्च शिक्षणाला आणि ३ टक्के तुरुंगांना जात असे. आता तुरुंगांना जवळजवळ ११ टक्के आणि उच्च शिक्षणाला अवघे साडेसात टक्के जातात, असे त्यांनी सांगितले. सिलिकॉन व्हॅली ज्या राज्यात आहे, त्या राज्याच्या प्रमुखाने दिलेली ही कबुली होती.

याच राज्याने १९६० साली उच्च शिक्षणाचा एक बृहत् आराखडा मंजूर केला होता. क्लार्क कर हे त्याचे मुख्य शिल्पकार. गुणवत्तेने वरच्या साडेबारा टक्के विद्यार्थ्यांना राज्याचे मुख्य विद्यापीठ, वरच्या एक-तृतीयांशांना राज्य महाविद्यालये आणि उरलेल्या सर्वांना दोन वर्षांची सामुदायिक महाविद्यालये, अशी ती योजना. राज्यातील रहिवाशांकडून शिकवणी फी घ्यावयाची नाही हे त्यातले तत्त्व. जगभरच्या शिक्षणतज्ज्ञांनी त्याचे कौतुक केले. पुढे 'शुल्क' या सोज्वळ नावाखाली फी हळूहळू आत शिरली आणि नोव्हेंबर २००९ मध्ये मुख्य विद्यापीठाने एकदम ३२ टक्के वाढ जाहीर केली. वर्षाची रक्कम प्रथमच १०,००० डॉलरांच्या वर गेली. विद्यार्थी रस्त्यावर आले, काही ठिकाणी त्यांनी इमारतींचा ताबा घेतला. वरील भाषण त्यानंतर दोनच महिन्यांनी झाले.

आता नाण्याची दुसरी बाजू. १९८० साली कॅलिफोर्नियाच्या राज्य तुरुंगांत सुमारे २४,००० कैदी होते. २००६ साली ती संख्या १,७०,००० च्या वर गेली. १९८४ पासूनच्या काळात राज्याने वीसहून अधिक नवे तुरुंग उभारले. त्याच काळात मुख्य विद्यापीठाचे नवे संकुल निघाले एक, मर्सेड येथील, तेही २००५ मध्ये. लोकसंख्या वाढली हे खरे, पण कैद्यांची संख्या सातपट व्हावी इतकी खासच नाही. कायदे कडक होत गेले. १९९४ च्या 'तीन फटके' कायद्याने दोन गंभीर गुन्हे नावावर असलेल्याला तिसऱ्या खेपेस किमान २५ वर्षे ते जन्मठेप ठरविली, मग तो तिसरा गुन्हा किरकोळ का असेना. एका इसमाने दोन दुकानांतून मिळून नऊ व्हिडिओ कॅसेटी लांबविल्या. किंमत सुमारे १५० डॉलर. जुन्या गुन्ह्यांमुळे त्याला किमान ५० वर्षांची शिक्षा झाली आणि ती २००३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कायम केली.

येथे जरा पेन्सिल हाती घेऊ. २००८-०९ च्या सुमारास तेथे एका कैद्यावर वर्षाला सुमारे ४७,००० डॉलर खर्च होत होते. पन्नास वर्षांचे झाले साडेतेवीस लाख डॉलर, आणि तेही भाववाढ न धरता! दीडशे डॉलरांच्या कॅसेटींसाठी एवढा खर्च करणाऱ्या दुकानदाराला आपण काय म्हणू?

तथापि, एवढ्यावरून तुरुंगांनी विद्यापीठाच्या ताटातले ओढून नेले, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. दोन टक्केवाऱ्या शेजारी ठेवल्या म्हणजे कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे संख्याशास्त्राच्या पहिल्या धड्यातच येते. खरी गोम निराळी आहे. १९७८ मध्ये जनमताने मालमत्ता कराला मर्यादा घातली, करवाढीसाठी विधिमंडळात दोन-तृतीयांश मतांची अट घातली. १९८८ मध्ये पुन्हा जनमतानेच शाळा आणि सामुदायिक महाविद्यालये यांचा किमान वाटा घटनेत पक्का केला. तुरुंगांना असा पक्का वाटा नव्हता, पण त्यांना त्याची गरजही नव्हती. न्यायाधीशाने पाठविलेला कैदी 'जागा भरल्या' म्हणून परत धाडता येत नाही. विद्यार्थ्याला मात्र धाडता येते. कैद्याकडून फी घेता येत नाही. विद्यार्थ्याकडून घेता येते. म्हणून मंदी आली की कात्री फिरते ती विद्यापीठावर. त्याचा अपराध एवढाच की त्याच्यापाशी उत्पन्नाचे दुसरे साधन आहे, आणि ते साधन म्हणजे आपल्यासारख्यांच्या वडिलांचा खिसा.

यावर कोणी म्हणेल, मग काय चोरांना मोकळे सोडायचे? तसे कोणीच म्हणत नाही. पण कॅलिफोर्नियालाही अखेर मागे फिरावेच लागले. तुरुंग क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट भरले, आजारी कैद्यांना उपचार मिळेनात, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संख्या कमी करण्याचा आदेश कायम केला. २०१२ आणि २०१४ मध्ये मतदारांनीच शिक्षा सौम्य केल्या. काही तुरुंग बंदही झाले. कैदी २००६ च्या मानाने निम्म्याच्या आसपास आले, पण माणशी खर्च २०२१-२२ मध्ये १,०६,००० डॉलरांवर गेला! पगार, वैद्यकीय सेवा, इमारती हा सारा स्थिर खर्च. गिऱ्हाईक कमी झाले म्हणून दुकानाचे भाडे कमी होत नाही. एकदा बांधलेला तुरुंग असा पिढ्यान्‌पिढ्या बिल पाठवीत राहतो.

आता आपल्याकडे वळू. बेळगावात 'हिंडलगा' म्हटले की गाव आठवण्याआधी तुरुंग आठवतो. मराठीत त्यालाच आपण 'बंदिशाळा' म्हणतो. या नियतकालिकाच्या कन्नड विभागातले मित्र 'सेरेमने' म्हणतात. म्हणजे मराठीत ती शाळा झाली आणि कन्नडमध्ये घर! (गंमत सोडा, पण दोन्ही शब्द काहीसे फसवेच.) राज्यघटनेनुसार तुरुंग हा राज्यसूचीतला विषय आहे, शिक्षण १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेले. आपल्या राज्यांचा तुरुंगांवरील खर्च शिक्षणाच्या मानाने अगदी थोडा, तेव्हा कॅलिफोर्नियाची तक्रार जशीच्या तशी येथे लागू करणे हास्यास्पद होईल. पण त्यात अभिमान बाळगण्यासारखे काही नाही. २०२२ अखेर देशातील तुरुंगांत ५,७३,००० च्या वर माणसे होती, क्षमतेच्या १३१ टक्के. आणि त्यांतील शंभरांत पंचाहत्तरांहून अधिक जणांचा खटला अद्याप संपलेला नव्हता. म्हणजे आपण तेथेही काटकसर केली, ती न्याय लांबवून आणि माणसे कोंबून.

आपल्या महाविद्यालयांचा रांगेतला क्रमांक मात्र कॅलिफोर्नियासारखाच आहे. आधी पगार, निवृत्तिवेतन, कर्जावरील व्याज, आणि उरल्यासुरल्यातून प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा. त्या भरत नाहीत, म्हणून सरकारी पदवी महाविद्यालये अतिथी प्राध्यापकांच्या भरवशावर चालतात. पुष्कळ ठिकाणी नवा अभ्यासक्रम निघतो तो विनाअनुदानित, म्हणजे बिल पुन्हा आपल्याच दारी.

सरकारी तिजोरीतून खर्च व्हावयाचा असेल तर विधेयकासोबत वित्तीय ज्ञापन जोडण्याची पद्धत आपल्याकडे आहे. शिक्षा वाढविणाऱ्या प्रत्येक विधेयकाला पुढील वीस वर्षांच्या खर्चाचा अंदाज जोडावा, अशी सूचना येथे सहज सुचते. पण कॅलिफोर्नियाने तीही करून पाहिली होती. १९९४ च्या मतदानापूर्वी मतदारांच्या हाती दिलेल्या पुस्तिकेत, या कायद्यापायी पुढे दरवर्षी अब्जावधी डॉलर लागतील असे छापलेले होते. तरी सुमारे ७२ टक्के मतदारांनी 'होय' म्हटले. रक्कम छापली होती. ती कोणाच्या खात्यातून जाणार हे छापलेले नव्हते. श्वार्झनेगर यांनी पुढे घटनादुरुस्ती सुचविली, की तुरुंगांना ७ टक्क्यांहून अधिक नको आणि उच्च शिक्षणाला १० टक्क्यांहून कमी नको. बचत मात्र ते खासगी कंपन्यांकडे तुरुंग सोपवून करणार होते. ती सूचना बारगळली, आणि माझ्या मते त्या कलमामुळे तिचे फार वाईट वाटून घेण्याचे कारण नाही.

आपल्या हाती तूर्त फी भरल्याची पावती आहे. तीत शिकवणी, ग्रंथालय, क्रीडा, परीक्षा, एवढेच काय, प्रस्तुत नियतकालिकाचीही रक्कम वेगवेगळी मांडलेली असते. तिच्यावर आणखी एक ओळ छापावी अशी मागणी विद्यार्थी संघाने का करू नये? एका विद्यार्थ्यामागे यंदा सरकारने किती दिले आणि गेल्या वर्षी किती दिले होते, एवढेच तीत असावे.