पेशींवरची खूण

केडगावहून पुण्याला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत नोकरदार, विद्यार्थी आणि माल आणावयास निघालेले दुकानदार असतात. त्यांच्यातच खिशात तपासणीची चिठ्ठी घेऊन निघालेला एखादा रुग्णही असतो. चिठ्ठीवर 'सीडी-४' एवढेच लिहिलेले असते. पुढे अहवालावर एक आकडा येतो आणि सारे घर त्या आकड्याकडे डोळे लावून बसते. तो मोजला कसा आणि चुकला तर पकडणार कोण, हे मात्र क्वचितच विचारले जाते. दुकानातील वजनकाट्याबाबत जी दक्षता असते, ती येथे असावयास काहीच हरकत नाही.

रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट नावाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारख्याच दिसतात. कोणती पेशी संरक्षणाचे हुकूम सोडणारी, कोणती रोगट पेशींना मारणारी आणि कोणती प्रतिपिंडे तयार करणारी, हे नुसत्या रूपावरून कळत नाही. भेद असतो तो पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनांत. या प्रथिनांना 'सीडी' क्रमांक देण्याची पद्धत १९८२ मध्ये पॅरिसच्या परिषदेत ठरली. हुकूम सोडणाऱ्या मदतनीस पेशींवर सीडी-४ असते आणि एचआयव्हीचा विषाणू नेमके तेच धरून पेशीत शिरतो. निरोगी प्रौढात अशा पेशी एका घन मिलिमीटर रक्तात साधारण ५०० ते १५०० असतात. उपचार न झाल्यास त्या वर्षानुवर्षे घटत जातात.

त्या मोजावयाच्या तर आधी त्यांच्यावर खूण करावी लागते. खुणेचे साधन म्हणजे प्रतिपिंड. एकाच प्रथिनाला चिकटणारे, एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तेवढे तयार करण्याची युक्ती केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिल्स्टाइन यांनी १९७५ मध्ये दाखविली. १९८४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. व्यापारी वाचकास नवल वाटेल, पण या युक्तीचे पेटंट घेतलेच गेले नाही; तिच्यावर पुढे अब्जावधींचा व्यवसाय इतरांनी उभारला. प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडतात. रंगविलेल्या पेशी एकामागून एक लेझर किरणासमोरून नेऊन त्यांची चमक टिपणारे यंत्र म्हणजे फ्लो सायटोमीटर. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात लिओनार्ड हर्झेनबर्ग यांनी या तंत्राला आजचे रूप दिले.

प्रत्यक्ष काम ऐकावयास सोपे आहे. एका प्रचलित पद्धतीत अवघे ५० मायक्रोलिटर रक्त घेऊन त्यात प्रतिपिंडांचे मिश्रण घालतात, १५ मिनिटे अंधारात ठेवतात, मग तांबड्या पेशी फोडणारे द्रावण घालतात. चुकण्याच्या जागा मात्र पुष्कळ आहेत. सीडी-४ हे मोनोसाइट नावाच्या दुसऱ्याच पेशींवरही थोडे असते. म्हणून सर्व टी पेशींवर असणाऱ्या सीडी-३ ची दुसरी खूण, वेगळ्या रंगाची, करावी लागते. दोन्ही खुणा असतील तीच पेशी हिशेबात धरायची. मृत पेशींना तर कोणतेही प्रतिपिंड चिकटते. रक्त मोजून घालताना हात हलला तर आकडाच हलतो. काही नळ्यांत सूक्ष्म मणी आधीच मोजून घातलेले असतात. यंत्राने किती मणी पाहिले आणि किती पेशी, या प्रमाणावरून खरी संख्या निघते. प्रमाणित वजनाशी माल ताडून पाहण्याचाच हा प्रकार होय.

भारतात १ एप्रिल २००४ रोजी शासनाने एचआयव्हीची औषधे मोफत देण्यास आरंभ केला, तेव्हा औषध सुरू करण्याची एक प्रमुख मर्यादा २०० पेशींची होती. म्हणजे १९० की २१०, यावर एखाद्याची गोळी सुरू होणे किंवा लांबणे अवलंबून होते. वीस पेशींची चूक तेव्हा क्षुल्लक नव्हती. ही मर्यादा पुढे वाढत गेली आणि २०१७ पासून आकडा न पाहता सर्वांनाच औषध देण्याचे धोरण आले. तरीही २०० च्या खाली असलेल्या रुग्णास क्षयरोग व बुरशीजन्य मेंदूज्वराचा धोका अधिक असतो. त्यामुळे उपचाराच्या आरंभी हा आकडा आजही लागतो.

तो पकडण्याची व्यवस्था पुण्यातच आहे. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेकडे देशातील सीडी-४ प्रयोगशाळांची बाह्य तपासणी सोपविण्यात आली. उत्तर न सांगता सर्वांकडे एकाच रक्ताचे नमुने पाठवायचे, प्रत्येकाने आकडा कळवायचा आणि जो इतरांच्या सरासरीपासून दूर पडेल त्याचे यंत्र, प्रतिपिंडे व हात तपासायचे. बँकेतील अचानक तपासणीत रोकड मोजली जाते, ती याच हेतूने.

अहिंसेचा विचार करणाऱ्या घरात येथे एक प्रश्न साहजिक उठतो. ही प्रतिपिंडे प्रथम उंदरांपासून मिळविली गेली आणि पुढे अनेक वर्षे उंदरांच्या पोटात पाणी साठवून काढली जात. ती पद्धत क्लेशकारक होती, हे नाकारता येत नाही. आज ती मुख्यतः पात्रांत वाढविलेल्या पेशींपासून घेतात. संपूर्णपणे प्राण्याविना प्रतिपिंड निवडण्याच्या पद्धतीही आहेत आणि त्यांचाच अवलंब व्हावा, अशी शिफारस युरोपीय संघाच्या प्रयोगशाळेने २०२० मध्ये केली. तिकडे व्यवहार अजून पुरता वळलेला नाही.

गावात बोलबाला होईल या भीतीने काही जण तपासणीच टाळतात. २०१७ च्या कायद्याने रुग्णाच्या संमतीवाचून त्याची स्थिती उघड करण्यास मनाई केली आहे. कायद्याने ठरविलेले अपवाद तेवढे वेगळे. राहता राहिला प्रश्न नळीचा. रक्त गावातच काढून पुण्यास पाठवावयाचे असेल, तर जांभळ्या झाकणाची नळी हलकेच उलटसुलट करून घ्यावी. ती फ्रीजमध्ये किंवा बर्फावर ठेवू नये, उन्हात तापलेल्या गाडीतही सोडू नये. रक्त काढल्याची वेळ चिठ्ठीवर लिहावी आणि शक्यतो त्याच दिवशी नळी पोहोचवावी.