ऑप्शनला टाकलेली चाचणी

परीक्षेला न बसलेला मुलगा पास झाला, असं कुठलीही शाळा म्हणणार नाही. त्याच्या नावापुढे 'गैरहजर' असा शेरा येतो आणि पालकांना तो दिसतो. कॉम्प्युटरच्या जगात मात्र न बसलेल्याला सरसकट पास धरायची पद्धत पडली आहे. हे मला पटत नाही, आणि का पटत नाही ते आज जरा सविस्तर लिहिणार आहे.

विषय आहे फार मोठ्या फायलींचा. निवृत्तीनंतर मी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकले. (मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या बाईने या वयात हे कशाला करावं, असं बरेचजण विचारतात. मोडी शिकले तेव्हाही हेच विचारलं होतं.) शिकता शिकता त्या भाषेच्या चाचण्या वाचायची गोडी लागली. भाषा काय करू शकते ते पुस्तकात असतं. ती कुठे अडखळू शकते हे तिच्या चाचण्यांत कळतं.

आधी थोडा हिशेब. फाईलमध्ये आपण कितव्या बाईटवर आहोत, हे कॉम्प्युटर एका आकड्यात लक्षात ठेवतो. जुन्या पद्धतीत हा आकडा ३२ बिटांचा असे. त्यातला एक बिट अधिक-उणे चिन्हाला गेला की उरलेल्या ३१ बिटांत जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. हीच ती २ जीबीची वेस. वेस ओलांडली की आकडा उणे होतो. ३ अब्ज बाईटची फाईल उणे १,२९,४९,६७,२९६ बाईटची दिसू लागते! चिन्ह काढून टाकलं तर वेस ४ जीबीवर सरकते, पण मग दुसराच घोटाळा. साडेचार अब्ज बाईटची फाईल २०,५०,३२,७०४ बाईटची, म्हणजे जेमतेम वीस कोटींची दिसते. उणे आकडा निदान डोळ्यात खुपतो. हा दुसरा आकडा अगदी खरा वाटतो, म्हणून तो जास्त घातक.

१९९६ साली युनिक्सवाल्या कंपन्यांनी 'लार्ज फाईल समिट' या नावाखाली ६४ बिटांचे पत्ते वापरायची रीत ठरवली. पुढे एकेका प्रोग्रॅमिंगच्या भाषेने ती उचलली. पण रीत उचलली म्हणजे ती नीट पाळली जाते असं नाही, म्हणून चाचणी हवी.

पायथनमधली ही चाचणी मला फार आवडते. ती एक फाईल उघडते, थेट अडीच अब्जाव्या बाईटच्या पुढे उडी मारते आणि तिथे एकच अक्षर लिहिते. मग विचारते: फाईलची लांबी किती? मी आत्ता कुठे आहे? तिथलं अक्षर वाचून दाखव. आता फाईल मधूनच कापून दाखव. प्रश्न चारच, पण नेमके वेशीपलीकडचे. लिनक्सवर यातली गंमत अशी की मधली पोकळी डिस्कवर जागाच घेत नाही. फाईल अडीच अब्जांची दिसते, व्यापते चिमूटभर. म्हणून तिथे ही चाचणी चटकन होते.

विंडोज आणि मॅकवर मात्र ती वेळ खाते आणि डिस्कही खाते, असं चाचणीतच लिहून ठेवलंय. त्यामुळे तिथे 'लार्जफाईल' अशी खास परवानगी दिल्याशिवाय ती नीट चालतच नाही, वगळली जाते. झिप फायलींची मोठी चाचणी तर याच्या वरताण. तिला सुमारे ६ जीबी मजकूर कोंबायचा असतो. 'ऑल', म्हणजे सगळ्या परवानग्या दिल्या, तरी त्या 'सगळ्यां'त हिची परवानगी येत नाही! तिचं नाव वेगळं घेऊन द्यावी लागते.

चाचणी लिहिणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांनी 'वगळली' असा शेरा कारणासकट प्रामाणिकपणे छापला आहे. माझं भांडण आहे तो शेरा न वाचणाऱ्यांशी. खाली हिरव्या अक्षरात 'ओके' दिसलं की यांचं काम झालं. आमच्या वर्गात मुलं कठीण धडा ऑप्शनला टाकायची, पण निदान टाकलाय हे त्यांना माहीत असायचं. इथे काय टाकलंय याचाच पत्ता नाही.

हे मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला म्हटलं. तो या क्षेत्रात चांगल्या हुद्द्यावर आहे. तो हसून म्हणाला, "बाई, आता सगळं ६४ बिट झालंय. २ जीबीचं काय घेऊन बसलात?"

अरे बाबा, खरंच सगळं झालंय का? लिनक्सचंच घे. ६४ बिटांच्या लिनक्सवरसुद्धा एका हुकुमात जास्तीत जास्त २,१४,७४,७९,५५२ बाईट लिहिले जातात. तू तीन अब्ज लिहायला सांगितलेस, तर तो तेवढेच लिहितो आणि किती लिहिले तो आकडा परत देतो. तो आकडा न तपासणाऱ्या प्रोग्रॅमचं उरलेलं सगळं वाऱ्यावर. जावामध्ये अख्खी फाईल एका दमात वाचायची सोय आहे, पण २ जीबीच्या पुढची फाईल दिली की ती आजही नकार देते. ती निदान तोंडाने नाही म्हणते, एवढं बरं. जुन्या पेन ड्राइव्हवर अजून फॅट-३२ भेटतं, त्यात ४ जीबीची फाईल मावत नाही. आणि आवाजाच्या वेव फायलीत लांबी लिहायचा रकाना ३२ बिटांचाच आहे. यंत्र ६४ बिटांचं झालं म्हणून जुने रकाने आपोआप रुंद होत नाहीत.

तुम्ही म्हणाल, बाई, एवढ्या मोठ्या फायली लागतात कुणाला? मला लागतात. सीडीच्या दर्जाने स्टिरिओ आवाज रेकॉर्ड केला तर सेकंदाला १,७६,४०० बाईट होतात. म्हणजे ४ जीबीची वेस पावणेसात तासांत येते. आमच्या भागात सप्ताहातला जागर रात्रभर चालतो. एका वर्षी एका हौशी तरुणाने आठ तासांचा जागर सलग रेकॉर्ड केला. प्रोग्रॅमने 'यशस्वी' असं सांगितलं. लांबीच्या रकान्यात ५ अब्जांचा आकडा मावला नाही, उरला तो फक्त सव्वा तासाचा. दुसऱ्या प्रोग्रॅमने तो रकाना प्रमाण मानून सव्वा तासाचीच प्रत काढली, तोही 'यशस्वी' म्हणाला. मग जागा हवी म्हणून मूळ फाईल पुसली गेली. पहाटेचे अभंग म्हणणारे आजोबा त्यानंतरच्या पावसाळ्यात गेले. ते अभंग आता कुणाकडेच नाहीत.

रेकॉर्ड करायचा तो प्रोग्रॅम ज्यांनी बनवला त्यांना विचारलं, तर उत्तर आलं, "आम्ही पाच मिनिटांच्या क्लिपवर नीट तपासला होता." पाच मिनिटांच्या क्लिपवर काय तपासायचं? घाट चढायची गाडी अंगणात फिरवून बघितली, असा हा प्रकार.

वेळ जातो, डिस्क जाते, ही तक्रार मला मान्य आहे. दर अर्ध्या तासाला ही चाचणी चालवा असं मी म्हणतच नाही. रात्री ऑफिस रिकामं असतं, तेव्हा चालवा. नवी आवृत्ती लोकांच्या हाती द्यायच्या आधी एकदा तरी चालवा, आणि ज्या ज्या यंत्रणेवर तुमचा प्रोग्रॅम चालतो असं जाहिरातीत सांगता, त्या प्रत्येकीवर चालवा. वेशीच्या एक बाईट अलीकडे, बरोबर वेशीवर आणि एक बाईट पलीकडे, असं तिन्ही ठिकाणी तपासा. पोकळ फाईल घेतली तर पत्ते तपासले जातात, प्रत्यक्ष ओझं तपासलं जात नाही. म्हणून अधूनमधून खरी भरलेली फाईलही घ्या. आणि वगळलेल्या चाचण्यांची यादी निकालाच्या वरच्या बाजूला, ठळक अक्षरांत छापा.

एवढं केल्यावरही काही रकाने लहानच राहतील, हे मला कळतं. मग प्रोग्रॅमने तसं स्पष्ट सांगावं: फाईल माझ्या आवाक्याबाहेर आहे, मी थांबतो. थांबलेल्या कामाला माणूस दुसरी वाट काढतो. 'यशस्वी' म्हटलेल्या कामाकडे तो पुन्हा वळूनही बघत नाही.

असो. तुमच्यापैकी जे या क्षेत्रात आहेत त्यांनी उद्या कामावर गेल्यावर एवढंच करावं: निकालात 'वगळली' हा शब्द किती वेळा येतो ते मोजावं, आणि त्यातली सगळ्यात कंटाळवाणी, सगळ्यात लांबलचक चाचणी त्याच रात्री चालवून बघावी.